एका दिवसात दोन गावे कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीतील युरोप सहलींची माहितीपत्रके मुंबईत अनेक महिने आधीपासून फिरू लागतात. हॉटेल किती तारांकित आहे, कोणत्या रात्री भारतीय जेवण मिळेल, हे सारे त्यांत तपशीलवार असते. मात्र कोणत्या दिवशी बसमध्ये किती तास जातील आणि गावात पायी हिंडायला किती वेळ मिळेल, याचा उल्लेख सहसा सापडत नाही. सहल कंपन्यांनी हे दोन आकडे प्रत्येक दिवसापुढे छापावेत, अशी माझी सूचना आहे.

ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग आणि हालश्टाट ही गावे पुष्कळदा एकाच दिवसात उरकली जातात. हालश्टाटमध्ये मिठाच्या खाणकामाला सुमारे सात हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि आज तेथील वस्ती जेमतेम आठशेच्या घरात आहे. बस आली, तळ्याकाठी फोटो निघाले, बस गेली, या प्रकाराला कंटाळून या चिमुकल्या गावाने 2020 पासून पर्यटक बसगाड्यांना वेळ आरक्षित करणे आणि किमान अडीच तास थांबणे बंधनकारक केले. पाहुण्यांनी जरा टेका, असे यजमानांना नियम करून सांगावे लागले, याची सहल आखणाऱ्यांना खंत वाटायला हवी. व्हेनिसनेही 2024 पासून मार्गदर्शकासोबतच्या गटावर 25 जणांची मर्यादा घातली आणि ध्वनिवर्धकाला बंदी केली. आपल्याकडची पूर्ण भरलेली बस तेथे एकाच मार्गदर्शकाच्या मागे जाऊ शकत नाही.

आमच्या सहलीत उशीर झाला की टूर मॅनेजर चालकाच्या कामाच्या तासांकडे बोट दाखवत असत. साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटे विश्रांती आणि दिवसाला साधारणतः नऊच तास चालन, हा युरोपीय संघाचा नियम प्रवाशांच्याच हिताचा आहे. तो आधीपासून ठाऊक असताना कार्यक्रम इतका ठासून का भरावा? शिवाय भेटवस्तूंच्या दुकानातील मुक्काम कधी आखडता घेतला जात नाही, कात्री लागते ती जुन्या गावातील फेरफटक्याला.

डोंगराळ भागात तर निवडच चुकते. स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरही उंच नाही, तर वरच्या बर्फाळ युंगफ्राउयोखचे रेल्वे स्थानक 3,454 मीटरवर आहे. काही तासांत एवढी चढण केल्यावर ज्येष्ठांना धाप लागते, चक्कर येते, आणि ढग उतरलेले असतील तर वर पांढऱ्या पडद्यापलीकडे काही दिसतही नाही. याउलट खालचे लाउटरब्रुनेनचे खोरे पावसातही खुलते. सुमारे तीनशे मीटर उंचीवरून कोसळणारा श्टाउबबाख धबधबा गावातूनच दिसतो, आणि आयगर, म्योंख व युंगफ्राउ या शिखरांवरील हिमनद्यांचे पाणी डोंगराच्या पोटातून खाली आणणारा ट्र्युमेलबाख धबधबा तेथून जवळच आहे. डिसेंबर 2020 मध्ये ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्सप्रेस ही गोंडोला (तारेवरून जाणारी डब्यांची गाडी) सुरू झाल्यापासून या खोऱ्याला वळसा घालूनही वर जाता येते. वेळ वाचतो हे खरे, पण खोरे राहून जाते.

ज्यांना उंची सोसत नाही, त्यांच्यासाठी त्याच दिवशी खोऱ्यातील पायी फेरीचा पर्याय ठेवावा आणि वाचलेल्या तिकिटाची रक्कम परत करावी. युंगफ्राउयोखचे तिकीट स्वस्त नसल्याने ही रक्कम किरकोळ नसेल. नोंदणीपूर्वी ग्राहकांनीही बसचे तास आणि मोकळा वेळ लेखी मागून घ्यावा.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई