पृथ्वी विज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र : मकरानचा तळ मोजा

मा. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री महोदय, सप्रेम नमस्कार.

मी हर्णैचा, कोकणातल्या बंदरावरचा माणूस. त्सुनामी म्हटलं की इकडे सगळे म्हणतात ते तिकडे मद्रासकडचं, आपल्याकडे काय येतंय. पण साहेब, २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे बलुचिस्तानच्या पसनीजवळ समुद्राखाली ८.१ चा भूकंप झाला आणि काही तासांनी मुंबईच्या किनाऱ्यावर साधारण २ मीटरची लाट आली, माणसं बुडून गेली. हा पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगतचा पट्टा म्हणजेच मकरान. ते अजून तिथंच आहे, अरबी प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक मोठा तुकडा, तिथं रोज थोडी थोडी खाली घुसतेय.

तेव्हा मकरानचा पूर्वेकडचा भाग तुटला. पश्चिमेकडचा, इराणच्या बाजूचा, शांत आहे. तो अडकून ताण साठवतोय की हळूहळू सरकतोय यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, आणि किनाऱ्यावरच्या जीपीएसनं हे नीट कळत नाही कारण जिथं अडकलंय ती जागा दूर पाण्याखाली आहे. जपानकडे बघा, २०११ ला मियागीसमोर समुद्रतळावर ठेवलेल्या उपकरणांनी दाखवलं की तळ तब्बल २४ मीटर सरकला, आणि त्यानंतर त्यांनी १५० केंद्रं केबलनं जोडून तळावरच बसवली. हैदराबादचं इनकॉइस या सरकारी सागरी माहिती संस्थेचं केंद्र २००७ पासून त्सुनामीचे इशारे देतंय, त्या लोकांबद्दल मला फार आदर आहे, पण इशारा भूकंप झाल्यावर येतो. मी बोलतोय त्याच्या आधीबद्दल, ताण कुठं किती साठलाय ते मोजण्याबद्दल.

मकरान आपल्या हद्दीत नाही हे कबूल, पण युनेस्कोच्या हिंदी महासागर त्सुनामी गटात आपण आहोत आणि ओमान, इराण, पाकिस्तानही आहेत, तिथं तळावरच्या केंद्रांचा विषय आपणच जोर लावून मांडावा.

आणि आपल्या हद्दीतले समुद्राखालचे उतार तपासायला तर कुणाला विचारायची गरजच नाही! २०१३ चा बलुचिस्तानचा भूकंप जमिनीवर, किनाऱ्यापासून बराच आत झाला, तरी ओमानला छोटी त्सुनामी पोचली, समुद्राखाली दरड सरकून ती लाट उठली असावी असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आपल्याकडचाही उतार असाच सरकलेला आहे. २०१५ ला अरबी समुद्राच्या तळावरच्या लक्ष्मी खोऱ्यात ड्रिलिंग केलं तेव्हा साधारण १ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारताच्या उतारावरून घसरलेला प्रचंड ढिगारा सापडला, त्याला नाव दिलंय नटराज. इतकी मोठी घसरण रोज होत नाही हो, पण सौराष्ट्रापासून कोकणापर्यंत आज कुठला उतार कच्चा आहे हे मल्टीबीमनं (आवाजाच्या लहरींनी तळाचा नकाशा काढून) आणि सेस्मिक सर्व्हेनं (लहरी सोडून तळाखालचे थर बघून) तपासायला नको का? कॉन्टिनेंटल शेल्फच्या, म्हणजे किनाऱ्यापासून दूरवरच्या समुद्रतळावरच्या हक्काच्या, दाव्यासाठी गोव्याच्या संस्थेच्या देखरेखीखाली अरबी समुद्राचा सेस्मिक डेटा गोळा केलाच आहे, तो याच कामासाठी पुन्हा वाचा, तेल कंपन्यांकडचाही मागवा, आणि जिथं शंका येईल तिथं जहाज पाठवा. खोल समुद्राच्या संशोधनासाठीच्या डीप ओशन मिशनला ४,०७७ कोटी मंजूर झाले, त्यातला थोडा वाटा इकडे यावा.

शेवटचं. यातून जे निघेल ते फक्त इंग्रजी रिपोर्टात ठेवू नका. पाणी कुठवर येईल, कुठल्या वाटेनं वर जायचं, याचा मराठीतला नकाशा आमच्या मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर, लिलावाला येणाऱ्या बायकांना आणि तांडेलांना दिसेल असा लावा. जागा आम्ही देतो.

आपला,
हर्णै बंदरावरचा एक रहिवासी