मानेवाडा रोडच्या मिस्त्रीभाऊंना

भाऊ, नमस्कार.

त्या दिवशी मी आभार मानायला तोंड उघडेपर्यंत तुम्ही पुढच्या ऑटोखाली शिरलाही होतात. म्हणून हे पत्र.

आमच्या बाबांची २००४ सालची मारुती ८००. पहिला गिअर पडता पडत नव्हता, दुसऱ्यात गेलेला दांडा तिथेच रुतून बसायचा. अजनी चौकात सिग्नल सुटला की मागचे लोक हॉर्न वाजवून कान किटवायचे. एका गॅरेजात सांगितलं होतं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, क्लचप्लेट-प्रेशरप्लेटही टाकून घ्या, गाडी जुनी झाली. हे सांगणाऱ्याने बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं!

तुम्ही चावी खिशातच ठेवलीत. इंजिन बंद, क्लच दाबलेला, आणि एकेक गिअर सावकाश टाकून पाहिलात. मग मला बसवून तेच करायला लावलंत. "ताई, गाडी बंद असताना गेर अलगद पडले अन् चालू केल्यावर अडले, तर क्लच इंजिनापासून पुरा सुटत नाही म्हणायचं. बंद असतानाही जड जात असतील तर क्लचले काहून बदनाम करता?" आमच्या गाडीत बंद असतानाही जडच जात होते.

तरी तुम्ही क्लचला तेवढ्यावर सोडलं नाहीत, हे मला फार आवडलं. इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबायला सांगितलंत आणि मग रिव्हर्स टाकायला. रिव्हर्सला इतर गिअरसारखी सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी, नसते, त्यामुळे क्लच अर्धवट सुटत असेल तर आतला शाफ्ट फिरत राहतो आणि रिव्हर्स 'खर्रर्र' करतो, असं तुम्ही समजावलंत. आमचा रिव्हर्स जड गेला, पण आवाज न करता गेला. क्लच केबल पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत बोटाने चाचपून पाहिलीत, तारेचा एकही धागा तुटलेला नव्हता. झालं, क्लच निर्दोष सुटला.

मग गाडीखाली. खरी मजा इथेच होती. ८०० मध्ये गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत खालून एक लांब रॉड जातो, हे मला ठाऊकच नव्हतं. गिअरबॉक्सच्या तोंडाशी तो रॉड तुम्ही सोडवलात आणि गिअरबॉक्सच्या बाजूचा तुकडा नुसत्या हाताने पुढे-मागे केलात. खट्, खट्. हलका! मला खाली वाकून पाहायला लावलंत, ओढणी चिखलात गेली, पण पाहिलं. आणि मी वर बसून दांडा हलवला तर तो रॉड सुटलेला असूनही तसाच अडत होता. म्हणजे दोष गिअरबॉक्सच्या आत नाही, मधल्या वाटेवर आहे, हे मलाही न सांगता कळलं.

त्या रॉडच्या सांध्यावरचं रबरी कव्हर उन्हाने तडकलेलं. नागपूरच्या मे महिन्यात रबर टिकणार तरी किती! त्या फटीतून पावसाळ्याचा चिखल आत गेला, ग्रीस वाळून काळी खपली झाली आणि सांधा गंजून धरला. दुसऱ्या टोकाचा बुश, म्हणजे रॉड घट्ट धरणारी छोटी नळी, मात्र झिजून भुगा झाला होता. म्हणूनच न्यूट्रलमध्ये दांडा वरणातल्या पळीसारखा डुलायचा आणि गिअर टाकताना अडून बसायचा. एकाच दांड्याची ही दोन उलटी लक्षणं मला इतके दिवस कोड्यात टाकत होती.

सांधा डिझेलने धुऊन ग्रीस भरलंत, बुश आणि कव्हर नवं घातलंत. जाता जाता गिअरबॉक्सचा बोल्ट उघडून ऑइल बोटावर घेतलंत आणि उन्हात धरून पाहिलंत. बारीक पितळी चमक चालते, नखाला लागेल असा लोखंडाचा तुकडा दिसला तर मात्र गिअरबॉक्स खोलायचा, हे तेव्हाच कळलं. ऑइल ८०डब्ल्यू-९० घट्टपणाचंच, पण डब्यावर जीएल-४ हा दर्जा लिहिलेला पाहून घ्या, काही जीएल-५ ऑइलमधली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत, हेही बजावलंत. स्पेअरपार्टच्या दुकानदाराने माझ्यासमोर जीएल-५ चा डबा ठेवला तेव्हा मी तो परत सरकवला, बरं का.

मजुरी विचारली तर तुम्ही बुशची किंमत सांगून वर किरकोळ आकडा लावलात. गिअरबॉक्स उतरवायची तयारी करूनच मी घरून निघाले होते. उरलेल्या पैशांत आईच्या फिजिओथेरपीची सोय झाली, म्हणून तुमचं नाव आमच्या घरात रोज निघतं.

आणखी एक काम आहे. माझ्या मैत्रिणीची जुनी सँट्रो अशीच अडते. तिच्याकडून तुम्ही शिकवलेली परीक्षा करून घेतली: इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडतात, चालू केल्यावर रिव्हर्स खरखरतो. म्हणजे हिचा क्लचच, नाही का? गुरुवारी सकाळी पाठवते. पहिले केबलच पाहाल, हे मी तिला आधीच सांगून ठेवलंय.

तुमची,
पांढऱ्या ८०० वाली ताई