पावसाळा काढेल अशीच बैठक विकत घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोकण किनाऱ्यावरच्या नव्या बंगल्यांत आणि रिसॉर्टमध्ये सध्या जुन्या-नव्या घाटाच्या महागड्या बैठकांची चलती आहे. पितळी कड्यांचा झोपाळा आणि त्यावर मखमली गादी, कोरीव पायांचा दिवाण, वेताच्या पाठीचा सोफा. देखणेपणाबद्दल आमची तक्रार नाही. पण यातला बराच माल कोरड्या हवेत, कोरड्या हवेसाठी घडलेला असतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी काय पाहावे, ते आम्ही लाकूडकामातली मंडळी लिहीत आहोत.

आधी लाकडातला ओलावा. राजस्थानसारख्या कोरड्या मुलखातून आलेल्या मालात तो ८ टक्क्यांच्या आसपास असतो. इथे जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या पडवीतले लाकूड १७-१८ टक्क्यांवर जाते. एवढ्या फरकाने दोन फूट रुंद सागवानी फळी आडव्या अंगाने जवळपास १ सेंटिमीटर फुगते. ती चौकटीत गोंद आणि स्क्रूने जखडली असेल तर कोपरे उघडतात, नाहीतर फळीच कमान घेते. दुकानदार त्याला ‘पॉलिश कमी पडलं’ म्हणतो. पॉलिशचा यात काही दोष नसतो. फळी खाचेत सुटी बसवावी, खालच्या स्क्रूंची भोके लांबट ठेवावीत, पायांचे सांधे कुसू घालून (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून) करावेत. बैठक उलटी करून हे पाच मिनिटांत तपासता येते. दाखवायला नकार मिळाला तर परत फिरावे.

‘सॉलिड वूड’ या शब्दावर भुलू नये. आंब्याचे किंवा रबराचे लाकूडही सॉलिडच, पण बोरॅक्स-बोरिकची कीडरोधक प्रक्रिया नसेल तर त्यात भुंगा शिरतो आणि पायाखाली पिठासारखा भुसा पडू लागतो. सागाचाही बाहेरचा पांढरा भाग सुरक्षित नसतो. गाभ्याचेच लाकूड मागावे. फणसाचे जुने, मुरलेले लाकूड मिळाले तर सागाच्या मागे धावायची गरज नाही. त्याचा सोनेरी पिवळा रंग पुढे तपकिरी होतो आणि पितळेशी छान जमतो.

सावंतवाडीच्या लाखकामाचे खरादी (चाकावर गोल कातलेले) पाय आता सोफ्यांना लावतात. कल्पना उत्तम, पण फक्त घरात. लाख उन्हाने मऊ पडते आणि दमट हवेत पांढुरकी होते. पडवीत नकोच.

गादीखाली सलग प्लायवूड असले की बुरशी धरते. त्याजागी पट्ट्या टाकाव्यात, मध्ये बोटभर फट ठेवावी. फोम ४० घनतेचा (घनमीटरला ४० किलो), खोळ चेन लावलेली आणि सुती. मखमल आणि रेक्झिन दोन्ही इथे फसतात. रेक्झिनचे पापुद्रे निघून कपड्यांना चिकटतात. प्लाय लागलेच तर त्यावर आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का पाहावा. वेत भोकांतून हाताने विणलेला घ्यावा. खाचेत चिकटवलेली तयार जाळी गोंद सुटला की पावसात उचलली जाते. स्टेनलेस स्टील समुद्राजवळ ३१६ प्रतीचेच; ३०४ ला तांबूस डाग पडतात. पितळी पट्टीमागे लोखंडी स्क्रू मारलेले असतात, ते आधी गंजतात.

राहिला झोपाळा, आणि इथे प्रश्न जिवाचा आहे. पाच फुटी फळी, कड्या, गादी आणि तीन माणसे मिळून सुमारे २५० किलो होतात. झोका ४५ अंशांपर्यंत गेला की खाली येताना ताण दीडपटीच्या वर, म्हणजे ४०० किलोच्या घरात जातो. तरीही फॉल्स सीलिंगच्या वर, स्लॅबमध्ये दोन-चार एक्स्पान्शन बोल्ट (भोकात फुगून घट्ट बसणारे) ठोकून काम उरकलेले आम्ही पाहतो. हे बोल्ट सततच्या हेलकाव्याने सैल होतात आणि सीलिंगआड ते कोणाला दिसतही नाहीत. नव्या बांधकामात तुळई भरतानाच १६ मिलिमीटरची सळी वळवून तिच्या लोखंडात अडकवावी. कौलारू घरात झोपाळा वाशाला नव्हे, तुळईला टांगावा. कडी जिथे आकड्यात (हुकात) घासते तिथली जाडी दर पावसाळ्यानंतर मोजावी. दहावा हिस्सा झिजला की कडी बदलावी.

आपले,
सावंतवाडी परिसरातील काही सुतार व फर्निचर व्यावसायिक