जिना झाडते म्हणून काळजी नको

श्टुटगार्ट, जर्मनी
रविवार, दुपार

ती. अण्णा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

येळवशीचे, म्हणजे वेळ अमावास्येला शेतात जेवलात त्याचे, फोटो मिळाले. कोपीपुढं बसलेली सगळी मंडळी, भज्जीचं पातेलं, आंबिलीचं बिंदगं, एकेक फोटो मोठा करून पाहिला. आज्जी मात्र कुठंच दिसली नाही. तिचा गुडघा जास्त दुखतोय का? धाकटीला विचारलं की ती विषय बदलते.

मी ठणठणीत आहे. ड्युटी, जेवण, थंडी हे फोनवर रोजचंच झालं, ते पुन्हा लिहीत नाही. रविवारी दुकानं बंद असतात म्हणून आई घाबरते, पण शनिवारी सगळं आणून ठेवता येतं. इथं रविवारच्या सुट्टीला थेट संविधानाचं संरक्षण आहे, 1919 पासूनचं. ड्रिल चालवायचं नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा कचऱ्याच्या पेटीत टाकायच्या नाहीत. आपल्या गावचा बाजार रविवारचाच, म्हणून तुम्हाला हे विचित्र वाटणार. मला मात्र आठवड्यातून एक दिवस कान निवांत मिळतात.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. मागच्या व्हिडिओ कॉलवर आत्यानं माझ्या हातात झाडू पाहिला आणि गावभर झालं की, अण्णांनी पोरीला कर्ज काढून नर्स केलं आन् ती तिकडं लोकांचे जिने झाडते. आई, तू रडलीस असं कळलं. फोनवर सांगायला लागले की तू ‘बरं बरं’ म्हणून फोन अण्णांच्या हातात देतेस. म्हणून सविस्तर लिहिते. अण्णा, तुम्ही तिला वाचून दाखवा, आणि आत्या असेल तर मोठ्यानं वाचा.

या भागात एक रीत आहे, तिला केअरवोखे म्हणतात. इमारतीतल्या प्रत्येक घराची पाळी लागते. ज्याची पाळी, त्याच्या दाराच्या मुठीला एक पाटी अडकवलेली असते. पाटी दारावर आली की तो आठवडा तुमचा. माझ्या मजल्यावर आम्ही दोन घरं, त्यामुळं आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना आळीपाळीनं. आधी झाडायचा, मग ओल्या फडक्यानं पुसायचा. कठडा पुसायचा, खिडकीची फळी पुसायची. पायरीच्या कोपऱ्यात बोट घालून बघितलं जातं, खरंच सांगते. ही झाली छोटी पाळी. मोठी पाळी सगळ्या इमारतीत फिरते. तिच्यात तळघराचा जिना, कचऱ्याच्या पेट्यांची जागा आणि घरापुढचा फुटपाथ येतो. शरद ऋतूत तिथं पानांचा खच पडतो. आता बर्फ पडतोय, तर सकाळी लोक कामाला निघायच्या आत तो फावड्यानं बाजूला करून वर खडी टाकायची. कुणी घसरून पडलं तर जबाबदारी त्या घरावर येते. शनिवारी काम उरकायचं, कारण रविवारी आवाज नको. आठवडा संपला की पाटी उचलून पुढच्याच्या दाराला अडकवायची. कुणी कुणाला काही बोलत नाही, पाटीच सांगते.

ही रीत जुनी आहे. 1492 मध्ये इथला संस्थानिक एबरहार्ट यानं शहराचे नियम केले, त्यात प्रत्येकानं आपला केरकचरा दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावा असं लिहिलं होतं. पुढं 1988 मध्ये महापालिकेनं आपली सक्ती काढून टाकली. तरी लोकांनी झाडू खाली ठेवला नाही. घराच्या भाडेकरारात ती अट आजही असते, माझ्याही आहे. काही इमारती आता पैसे देऊन हे काम बाहेरच्या कंपनीकडून करून घेतात. आमच्या इमारतीनं तसं केलेलं नाही.

आई, तिसऱ्या मजल्यावर विद्यापीठात शिकवणारे एक गृहस्थ राहतात. अण्णांच्या वयाचे असतील. त्यांच्या पाळीला ते बाह्या वर करून बादली घेऊन खाली येतात, आणि मी ड्युटीवरून आले की ओल्या पायरीवर जपून चढायला सांगतात. त्यांची काही इज्जत गेली नाही. माझीही जात नाही. आपल्या घरी पहाटे उठून अंगणात सडा घालणारी तूच. अंगण आपलं, तोवर झाडू हातात शोभतो. उंबऱ्याबाहेरची गल्ली मात्र कुणी झाडायची? ग्रामस्वच्छता अभियानाची कमिटी यायची तेवढ्यापुरते सगळे हातात झाडू घेऊन फोटोला उभे राहायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच एका वस्तीतली माणसं. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आत्याला जी लाज वाटली ती झाडूची नव्हती, तो कुणाच्या हातात असतो त्याची होती.

एवढं मात्र खरं की, शनिवारी जिना पुसताना तुझी कंबर आठवते. परक्या मुलखातला जिना मी पुसते आणि आपल्या घरचं सगळं तुझ्यावर. धाकटी सासरी गेली की तू एकटी पडशील. सडा रोज घालायलाच पाहिजे असं नाही. अण्णा, बादली तरी तुम्ही भरून देत जा.

अण्णा, तुम्ही विचारलं होतं की सरकारला घराचा पत्ता कशाला दिला, पोलिसांचं काही लचांड आहे का. काही नाही. घर घेतलं की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असा सगळ्यांनाच नियम आहे, जर्मन माणसालासुद्धा. त्या कागदाशिवाय पुढची बरीच कामं अडतात. आणि घरटी महिन्याला 18.36 युरो रेडिओ-टीव्हीचे भरावे लागतात, घरात टीव्ही नसला तरी. आजोबा रेडिओचं लायसन पोस्टात भरायचे, तसलंच. उधळपट्टी नाही, निश्चिंत राहा.

आता धाकटीच्या लग्नाचं. मार्चमधली तारीख धरली हे चांगलं केलं. रजेचा अर्ज दिलाय, पण इथं वर्षभराच्या रजा आधीच वाटून होतात, त्यामुळं हो म्हणून सांगता येत नाही. सांगायला जीभ वळत नाही, पण आशेवर ठेवायला नको म्हणून लिहिते. तिला तुम्ही सांगू नका, मीच बोलते.

पाहुण्यांनी मानपानाच्या नावाखाली गाडी मागितली, ते दादानं सांगितलं. अण्णा, हुंडाबंदीचा कायदा 1961 चा आहे, तुमच्या लग्नाआधीचा. इथं कायदा उठला तरी रीत राहिली, आपल्याकडं कायदा येऊन इतकी वर्षं झाली तरी रीत हलत नाही. मंगल कार्यालयाचा इसार, जेवणावळ, तिचे दागिने, सगळ्याला मी पैसे देते, हात आखडत नाही. गाडीला देणार नाही. लांब बसून बोलणं सोपं असतं असं तुम्ही म्हणाल, आणि पाहुण्यांपुढं बसायचं तुम्हालाच आहे, हे मला कळतं. तरी नाही म्हणा. त्यावर सोयरीक मोडली तर मोडू द्या, धाकटीचंही तेच म्हणणं आहे. तुमच्यापुढं ती बोलत नाही एवढंच.

वरात दहाच्या आत आटपा. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद हा नियम आपल्याकडंही 2000 पासून आहे. शेजारच्या पोराची दहावी आहे, आणि आज्जीला त्या आवाजानं धडधडतं.

माझ्या स्थळाचं एवढ्यात काढू नका. निलंग्याच्या मंडळींना सांगा की दोन वर्षं तरी ती तिकडंच आहे, आणि हो, जिना झाडते. चालत असेल तर पुढं बोलू.

5 तारखेला पैसे टाकते. त्यातून आधी पतसंस्थेचा हप्ता भरा, मग इसार. आज्जीच्या गुडघ्याचा फोटो औषधाच्या चिठ्ठीसकट धाकटीकडून पाठवा, मी वॉर्डात डॉक्टरांना विचारते.

तुमची,
ताई