आईची झोप, सुया आणि ती अर्धी गोळी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

फोनवर हा विषय निघाला की तुम्ही दोघंही एकदम बोलता, स्पीकरवर मला एकाचंही धड ऐकू येत नाही आणि शेवटी बाबा "बरं, ठेवतो" म्हणून मोकळे होतात. म्हणून लिहितेय. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका. तिलाही चष्मा आहे, ती नंतर ताडून बघणारच.

आईचं म्हणणं असं की समोरच्या काकूंना ॲक्युपंक्चरनं झोप लागायला लागली, मग मीही जाते आणि त्या झोपेच्या गोळीची पीडा एकदाची संपवते. बाबांचं म्हणणं, सुया टोचून कुणाला झोप लागते होय, पैसे काढायचे धंदे सगळे. माझं मत विचाराल तर आई, तू खुशाल जा. फक्त गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. बाकी पत्रात जे आहे ते या दोन वाक्यांभोवतीच आहे, पण तुम्हा दोघांना कारण सांगितल्याशिवाय काही पटत नाही.

आधी सुयांचं, कारण आई वरवर धीट दाखवत असली तरी इंजेक्शन म्हटलं की तोंड फिरवते, हे मला ठाऊक आहे. मागच्या वर्षी मानेसाठी मी स्वतः जाऊन आलेय. सुई केसाइतकी नाही, पण साधारण पाव मिलिमीटर जाडीची, म्हणजे लस टोचतात त्या सुईच्या निम्मी, आणि आतून भरीव. तिच्यातून औषध जात नाही. एक बारीक नळी कातडीवर टेकवतात, वरून बोटानं टिचकी मारतात, आणि आपण "कधी टोचणार?" म्हणून विचारेपर्यंत टोचून झालेलं असतं. दुखतं ते नंतर, तेही दुखणं म्हणता येणार नाही. सुई थोडी फिरवली की त्या जागी जड-जड वाटतं, मुंग्या येतात. माझ्या मनगटापासून करंगळीपर्यंत एक कळ गेली आणि मी हात आखडला, तर टोचणाऱ्या बाई म्हणाल्या, "आलं ना? मग बरोबर." त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं नुसतं पडून राहायचं. मी तिथे चक्क घोरले म्हणे.

झोपेसाठी नेहमी घेतात त्या जागाही सांगून ठेवते, म्हणजे तू दचकणार नाहीस. मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला एक, तिला शेनमेन म्हणतात. पायाच्या घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडापासून चार बोटं वर एक. कानामागे एक. आणि दोन भुवयांच्या मध्ये, तू कुंकू लावतेस तिथेच. तेव्हा त्या दिवशी टिकली काढून जा.

बाबा, आता तुमच्याकडे वळते. "आपल्या कोटणीसांनी चीनहून आणलेलं असेल तर बघू करून," असं तुम्ही म्हणालात, त्यावर आई खूश झाली. पण ते तसं नाही हो. 1938 साली भारतातून मदतीला जे पाच डॉक्टर चीनला गेले त्यात डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, सोलापूरचे होते, सगळं खरं. पण ते सर्जन. जखमी सैनिकांची ऑपरेशनं करता करता 9 डिसेंबर 1942 ला तिथेच गेले, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. ॲक्युपंक्चर इकडे आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बिजयकुमार बसूंनी. ते पुन्हा चीनला जाऊन शिकले आणि 1959 मध्ये कोलकात्यात त्यांनी सुरुवात केली. लुधियानात ॲक्युपंक्चरचं एक रुग्णालयच कोटणीसांच्या नावाचं आहे, त्यामुळे घोटाळा होणं साहजिक आहे. पण सोलापूरचा अभिमान म्हणून सुया टोचून घ्यायच्या असतील तर तो आधार जरा लटका आहे.

मग दुसरा आधार काय? त्या काकूंनी दिलेल्या पत्रकावर जागतिक आरोग्य संघटनेचं नाव आहे ना, ते मी बघितलं. संघटनेच्या एका अहवालात आजारांच्या याद्या आहेत खऱ्या, पण "परिणाम सिद्ध झाला आहे" अशा पहिल्या यादीत निद्रानाश नाही. "परिणाम दिसला आहे, अजून पुरावा हवा" अशा दुसऱ्या यादीत आहे. पत्रक छापणाऱ्यांनी ते शेवटचं तेवढं सोडलं. पुढे 2012 मध्ये कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पारखणाऱ्या संस्थेनं, 33 चाचण्या, 2293 रुग्ण, असं सगळं एकत्र तपासलं आणि निष्कर्ष काढला की अभ्यास इतके कच्चे आहेत की उपयोग होतो असंही म्हणता येत नाही आणि होत नाही असंही नाही. म्हणजे बाबा, तुम्ही जिंकला नाहीत, आईही हरलेली नाही.

अभ्यास कच्चे का राहतात तेही मजेशीर आहे. सुई खरी की खोटी, हे रुग्णाला कळू नये म्हणून एक बोथट सुई काढलेली आहे. नाटकातल्या खंजिरासारखी ती मुठीत आत सरकते आणि टोचल्याचा भास होतो. आता अशा खोट्या सुईनंही बऱ्याच जणांना बरं वाटतं, मग खऱ्या सुईचा गुण वेगळा काढणं अवघड जातं. काही लोक यावरून सगळं थोतांड म्हणतात. मला तसं वाटत नाही. अर्धा तास अंधाऱ्या खोलीत कुणी तुला उठवत नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नाहीत, आणि त्याआधी कुणीतरी दहा मिनिटं बसून "झोप लागत नाही म्हणजे नक्की काय होतं?" असं शांतपणे विचारतं. आमच्या घरात तुला हे कुणी विचारलंय? त्याचा गुण येत असेल तर येऊ दे की.

कॅन्सरमधून बरे झालेल्या 160 जणांवर अमेरिकेत एक चांगला अभ्यास झाला, 2019 मध्ये छापून आला. निम्म्यांना आठ आठवडे ॲक्युपंक्चर, निम्म्यांना सीबीटी, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलची धास्ती यांवर काम करणारी पद्धत. दोन्ही गटांना फरक पडला आणि उपचार थांबल्यावरही तो टिकला. पण सीबीटी पुढे राहिली. डॉक्टरही आधी तीच करा म्हणतात. गंमत म्हणजे तिला सुई लागत नाही, गोळीही लागत नाही, लागतो तो निग्रह. झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जायचं. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं. आणि दुपारी दोन तास ताणून द्यायची नाही. आई, या शेवटच्या वाक्याला तू नाक मुरडलंस, मला इथे दिसलं. मालिका संपली म्हणून साडेनऊला आडवं व्हायचं, दुपारचे दोन तास आधीच खर्ची पडलेले, मग एकला जाग येणार नाही तर काय! आणि उठल्यावर तू घड्याळ बघतेस. ते भिंतीवरचं घड्याळ बाबांनी काढून हॉलमध्ये लावावं. संध्याकाळी सातचा चहाही दोघांनी सोडावा, एकट्या आईला सोडायला सांगू नका.

आता गोळी. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर थोड्या दिवसांसाठी म्हणून दिलेली ती अर्धी गोळी आजतागायत चालू आहे. "चालू ठेवू का?" असं आपल्यापैकी कुणी विचारलं नाही, कागदावर होती म्हणून दुकानदार देत राहिला. तिच्यात असतं ते अल्प्राझोलाम हे औषध पासष्टीनंतर शक्यतो टाळा असंच सांगतात. रात्री बाथरूमला उठताना तोल जातो, माकडहाड नाहीतर खुबा मोडतो, विसरभोळेपणा वाढतो. त्यामुळे ती सुटावी हे मलाही हवंय. पण इतक्या वर्षांची सवय शरीराला झालेली असताना एका रात्रीत सोडली तर झोप आधीपेक्षा जास्त उडते, छातीत धडधडतं, हात थरथरतात, क्वचित फिट येते. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात, कित्येक आठवडे लावून.

आणि समजा, तू सुया सुरू केल्यास आणि त्याच आठवड्यात गोळी फेकलीस. तीन रात्री टक्क डोळे. मग बाबा म्हणणार, "सांगितलं नव्हतं?" आणि तू काकूंवर चिडणार. त्यात सुयांचा बिचाऱ्यांचा काही दोष नसेल.

जाण्याआधी तिथे विचारायच्या गोष्टी बाबा विचारतील, त्यांना तसंही उलटतपासणी आवडते. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक विचारा. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला हवं आणि वापरलेल्या सुया तिथेच टाकून द्यायला हव्यात. आईला स्टेंट आहे आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे आपणहून सांगायचं. टोचल्या जागी काळंनिळं होऊ शकतं, म्हणून ते त्यांना माहीत हवं. छातीवर किंवा पाठीत खोल टोचू नका असंही सांगा, झोपेसाठी त्याची गरज पडत नाही. आणि बारा बैठकांचे पैसे आधी भरा म्हणाले तर नाही म्हणायचं. चार बैठकांत काही फरक वाटला तर पुढचं बघू.

बाबा, तुमच्या घोरण्याचं इथे लिहायचं नव्हतं, पण मधूनच श्वास अडकून तुम्ही दचकून उठता असं आई म्हणते. ते तुमच्या डॉक्टरांना सांगा. निम्मी जाग तिला त्यानं येते, आणि तुमच्यासाठीही ते बरं नाही.

रविवारी आईच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. मागच्या बाजूचे, जिथे नाव छापलेलं असतं; मागच्या वेळी तुम्ही पुढची चकचकीत बाजू पाठवली होती. सोमवारी मी तिच्या डॉक्टरांशी बोलून गोळी कशी उतरवायची ते विचारते. त्यांनी सांगितल्यावरच काकूंबरोबरची तारीख ठरवा.

तुमची,
मेधा