कप्तानास पत्र

प्रिय कप्तान,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र आजच लिहिते आहे, कारण जे घडले ते इथे कोणाला सांगितले तर सगळे मला धीर देतील, आणि मला धीर नको आहे, तुझा निकाल हवा आहे. आम्ही सगळे बरे आहोत. माझ्या थायरॉईडच्या गोळ्या चालू आहेत, ह्यांची पाठ सध्या गप्प आहे, तेव्हा प्रकृतीचा विषय इथेच संपवते.

धाकटा फुटबॉल खेळतो आणि त्याच्या संघाची गुणवही माझ्याकडे असते, एवढे तुला माहीत आहे. तुझ्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचा अकरा-अकरा जणांचा अमेरिकन फुटबॉल येत असेल तर तो बाजूला ठेव. पश्चिम टेक्सासच्या लहान गावांत, आणि आमच्यासारख्या घरीच शिकणाऱ्या मुलांच्या संघांत, सहा-सहा जणांचा खेळ चालतो. 1934 साली नेब्रास्कातल्या स्टीफन एप्लर नावाच्या शिक्षकाने तो बसवला, कारण मंदीच्या त्या काळात लहान शाळांत अकरा मुले जमत नव्हती. मैदान 80 यार्ड लांब आणि 40 रुंद असते, चार प्रयत्नांत दहाऐवजी 15 यार्ड पुढे सरकावे लागते, आणि सहाही जणांना चेंडू झेलण्याची मुभा असते, अगदी मधोमध ओणवा राहून चेंडू मागे देणाऱ्या सेंटरलासुद्धा. आपला धाकटा हा सेंटर आहे. बहुतेक मुले चढाईलाही असतात आणि बचावालाही, त्यामुळे एक जण लंगडू लागला की दोन्हीकडे भोक पडते. कबड्डीत सात जणींच्या संघातला कोपरा गेला की काय होते हे ज्याने सोसले नाही त्याला यातले काहीच समजणार नाही, आणि म्हणूनच हे पत्र तुला.

इथे ऑगस्ट लागला की सराव सुरू होतो, महिनाअखेरीस सामने, आणि नोव्हेंबरात बाद फेरी. सामने सुरू होण्याआधीच जो तो भाकिते करू लागतो. सरकारी शाळांच्या बाजूला हे काम त्या मानाने सोपे आहे. त्यांचे दोन विभाग पटसंख्येवरून ठरतात, दर दोन वर्षांनी गटांची नवी रचना होते, प्रत्येक गटातले पहिले दोन संघ पुढे जातात आणि डिसेंबरात अर्लिंग्टनच्या ए.टी. अँड टी. स्टेडियमवर, म्हणजे डॅलस काउबॉइजच्या घरच्या मैदानावर, राज्याचा अंतिम सामना होतो. रिचलँड स्प्रिंग्ससारख्या चिमुकल्या गावाने 9 वेळा राज्य जिंकले आहे. वेस्टब्रुकने 2021 आणि 2022 अशी लागोपाठ दोन वर्षे, बेंजामिनने 2022 आणि 2023, तर 2023 साली पहिल्या विभागात गॉर्डनने. अशा गावांत पोरगे चालायला लागले की त्याला चेंडू मिळतो, म्हणून डोळे मिटून त्यांची नावे वर लिहिली तरी माणूस फारसा चुकत नाही.

आमच्या बाजूला तसे काही नाही. आमच्या संघांमागे गाव नाही, शाळेची इमारत नाही, पटसंख्या नाही, पुष्कळदा स्वतःचे मैदानही नाही. कुठल्या संघात किती मुले उरली आहेत हे त्या संघाच्या आयांना ठाऊक असते आणि त्या आया मला ठाऊक आहेत, म्हणून दोन वर्षांपासून आमच्या गटाची हंगामपूर्व यादी मीच करते. गेल्या वर्षी मी वर लिहिलेले चारही संघ उपांत्य फेरीत आले, त्यामुळे या वेळी प्रशिक्षकांनी ती पालकांच्या बैठकीत वाचून दाखवायला मागितली आहे. खरी अडचण तिथून सुरू होते.

यादी कशी करते ते तुला सांगितलेच पाहिजे, नाहीतर तू म्हणशील की हिने मनाला वाटेल ते लिहिले. गेल्या वर्षीच्या विजयांचा आकडा मी जवळजवळ पाहतच नाही. मध्यंतराला किंवा त्यानंतर कधीही एखादा संघ 45 गुणांनी पुढे गेला की सामना तिथेच थांबतो, आणि त्याच्या आधीच शहाणा प्रशिक्षक आपली मोठी मुले बसवून लहानांना उतरवतो, त्यामुळे मोठ्या फरकाने जिंकलेल्या सामन्यातून त्या संघाचे खरे बळ कळत नाही. मी पाहते की बारावी संपवून किती गेले, राहिलेल्यांत दोन्हीकडे खेळणारे किती, सेंटर तोच आहे का, आणि पायाने चेंडू मारणारा कोणी आहे का. या खेळात टचडाउननंतर, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेल्यावर, तो दांड्यावरून मारला तर 2 गुण आणि धावून किंवा फेकून नेला तर 1, म्हणजे अकरा जणांच्या खेळाच्या बरोबर उलट. साठ-पन्नास असे गुणफलक लागतात तिथे प्रत्येक वेळचा तो एक जादा गुण शेवटी सामना फिरवतो. आमच्याकडे सॉकरमधून आलेला एक शांत मुलगा आहे. त्याच्या उजव्या पायावर माझा पूर्ण विश्वास आहे.

सगळ्यांत आधी मात्र मी स्प्रेडबॅक पाहते. सेंटरने मागे दिलेला चेंडू ज्याच्या हाती पहिल्यांदा येतो त्याला तो घेऊन थेट रेषा ओलांडता येत नाही. चेंडू एकदा तरी दुसऱ्याकडे गेला पाहिजे. तो दुसरा बहुधा स्प्रेडबॅक असतो. तो धावतो, तो फेकतो, आणि बाकीच्या पाचांची पावले त्याच्या पावलांवर बेतलेली असतात. आमचा स्प्रेडबॅक या गटातला सर्वांत चांगला होता. होता असे लिहिते आहे, कारण गेल्या आठवड्यात तो गेला.

त्याचे काही चुकले असे म्हणू नकोस. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली घरच्या शाळेला खाजगी शाळा मानले, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे या मुलांना सरकारी शाळांच्या स्पर्धांत प्रवेश नव्हता. म्हणून तर पालकांनी पदरमोड करून हे संघ उभे केले. 2021 च्या कायद्याने सरकारी शाळांना अशी मुले घेण्याची मुभा मिळाली. त्याच्या गावच्या शाळेने आता दार उघडले आहे, तिथे दिवे असलेले मैदान आहे, शुक्रवारी रात्री सगळे गाव सामन्याला येते, आणि पोरगा सतरा वर्षांचा आहे. त्याच्या आईने फोनवर मला हे सांगितले तेव्हा ती रडत होती. मी तिला म्हटले की तुझ्या जागी मी असते तर मीही पाठवले असते, आणि ते मी मनापासून म्हटले. फोन ठेवला आणि वहीत त्याच्या नावावर रेघ ओढायला माझा हात होईना.

गेल्या वर्षी आमच्याकडे 13 मुले होती. चार जण बारावी संपवून गेले, एक नवा आला, आणि आता हा गेल्यावर उरले 9. त्यांतले दोघे नववीतले आहेत, अजून त्यांच्या खांद्यांवर पॅड ठरत नाहीत. नऊ मुलांत सहा मैदानावर आणि तीन बाहेर, आणि ऑगस्टचे ऊन असे की संध्याकाळी सातलाही पारा 38 अंशांच्या खाली येत नाही. मी जी मोजणी इतरांना लावते तीच आमच्या संघाला लावली तर आम्ही पहिल्या चारांत नाही, पाचवे किंवा सहावे आहोत. वहीत बाकीचे सगळे संघ लिहून झाले आहेत, आमच्या संघाची ओळ कोरी आहे.

आता तुला बापूंची यादी आठवली असेल. मी लिहायच्या आधीच तुझ्या नाकाचा शेंडा लाल झालेला मला इथून दिसतो आहे. जिल्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी व्यायामशाळेच्या फळ्यावर त्यांनी सगळ्या संघांचा क्रम लावला होता आणि आपल्याला शेवटून दुसरे ठेवले होते, तो कागद तू सर्वांदेखत फाडलास. मी म्हणाले होते की राहू दे, खोटे काय लिहिले आहे, आपली डावी मध्यरक्षक तापाने निजली आहे. त्यावर तू म्हणालीस, सात जणींच्या संघावर क्रम लावणाऱ्याने आधी सातही जणींच्या आयांना भेटून यावे. पुढे अंतिम चढाईला कोणाला पाठवायचे यावरून आपण दोघी आठवडाभर बोललो नाही ते वेगळे, आणि त्या बाबतीत मी आजही सांगते की बोनस रेषेकडे धाकटीलाच पाठवायला हवे होते. पण त्या कागदाच्या भांडणाचा निकाल आपण कधी लावलाच नाही. बापूंचा स्वेटर आणि बापूंचा क्रम, दोन्ही कधी बदलत नाहीत, असे आक्का म्हणाली आणि सगळ्या हसल्या, आणि विषय तिथेच राहिला.

मी आता नऊही जणांच्या आयांना भेटून आले आहे, कप्तान. तुझी अट पुरी केली आहे, आणि तरीही हिशेब पाचव्या क्रमांकापाशीच येतो. मग काय लिहू? प्रशिक्षक म्हणतात की चौथे लिहा, मुलांना जोर येईल. ते भले माणूस आहेत, स्वतःच्या ट्रकमधून चुन्याची पोती आणून मैदानाच्या रेघा मारतात. पण मी चौथे लिहिले तर जो संघ खरोखर चौथा आहे त्याच्या मुलांना मी खाली ढकलले असे होते, आणि त्या संघाचीही गुणवही एका आईकडेच आहे. शिवाय आमची मुले खुळी नाहीत. त्यांना नऊपर्यंत मोजता येते.

धाकट्याचे सांगते, म्हणजे माझा जीव कशात अडकला आहे ते तुला कळेल. नवा स्प्रेडबॅक म्हणून दहावीतल्या ज्या मुलाला उभे करणार आहेत तो चार बोटे बुटका आहे आणि एक पाऊल डावीकडे उभा राहतो. चेंडू आधी दुसऱ्याच्या हाती द्यायचा की थेट त्याच्याकडे, याच्या दोन्ही तऱ्हा बसवाव्या लागतात, आणि सेंटर चेंडू देतो तो दोन पायांमधून, मागे न बघता. दोन वर्षांची हाताची सवय मोडायची म्हणून धाकटा रोज संध्याकाळी मागच्या अंगणात कुंपणाला जुना टायर बांधून त्यात चेंडू टाकतो. अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळलेली असते. पहिले काही चेंडू टायरच्या मधोमध जातात, दमला की उजवीकडे सरकू लागतात, मग तो उठतो, टाचेने जमिनीवर पायाची खूण पुन्हा करतो आणि परत ओणवा होतो. काल मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. आत आला आणि पाणी पिताना म्हणाला, "आई, यादीत आपल्याला कुठे ठेवलेस?" मी म्हटले, अजून लिहिले नाही. तो म्हणाला, "जे आहे ते लिही. फक्त नऊ आहोत म्हणून लिहू नकोस, कारण लिही." एवढे बोलून आंघोळीला गेला.

कारण लिहिणे मला जमेल. मला असे लिहायचे आहे की आजच्या हिशेबाने आमचा संघ पाचवा आहे, बचाव या गटातल्या पहिल्या तिघांच्या तोडीचा आहे, पायाने मारण्यात आमच्याइतके भक्कम कोणी नाही, आणि नव्या स्प्रेडबॅकची व सेंटरची जोडी ऑक्टोबरच्या आत बसली तर चौथ्या जागेसाठी आम्ही त्या दुसऱ्या संघाला गाठू. त्यांचे तीन मोठे खेळाडू याच वर्षी गेले आहेत आणि त्यांचा सेंटर नवा आहे, हे मला त्याच्या आईकडून कळले आहे. आपापसांतला सामना ऑक्टोबरच्या मध्यावर आहे. यातला एक शब्दही मी मुलांना बरे वाटावे म्हणून लिहिणार नाही. तरी मनात येते की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला यातला "पाचवा" हा एकच शब्द ऐकू येईल आणि पुढचे सगळे वाऱ्यावर जाईल. तू तो कागद फाडलास तेव्हा त्याखाली बापूंनी काय लिहिले होते ते तू वाचले होतेस का? मी वाचले होते. "पकड उत्तम. चढाईत धीर धरल्यास उपांत्य फेरी शक्य." हे मी तुला कधी सांगितले नाही, कारण तेव्हा आपण बोलत नव्हतो, आणि नंतर उपांत्य फेरी जिंकून झाली होती.

मला तुझ्याकडून एवढेच हवे आहे. तू त्या फळ्यासमोर उभी होतीस, तुझ्या पोटात काय झाले ते तू सांग. क्रमांक वाचून जोर आला की पाय जड झाले? कागद फाडल्यामुळे जिंकलो असे तुला आजही वाटते का? बैठकीत यादी वाचण्याऐवजी फक्त संघांची बलस्थाने वाचावीत आणि क्रम लावूच नये, असा तिसरा मार्ग हे सुचवतात. मला तो पटत नाही. बाकीच्या संघांना क्रम लावायचा आणि आपल्या पोरांची वेळ आली की वही मिटायची, हे मुलांच्या लगेच लक्षात येईल.

तुझ्याकडचे काहीच विचारले नाही. आयर्विन पुलापाशी पाणी किती आहे आणि दुकानातला माल वर हलवला का, ते कळव. सासूबाईंच्या गुडघ्याचे टाके निघाले असतील. लेकीला बारावीनंतर कुठे प्रवेश मिळाला? तिने कबड्डी सोडली असे आक्काकडून कळले, ते खरे असेल तर त्यावर वेगळे पत्र लिहीन आणि ते तुला आवडणार नाही. भडंगाचा डबा पोचला, अर्धा संघाने संपवला, सॉकरवाला मुलगा डोळ्यांत पाणी येईपर्यंत खात होता आणि थांबत नव्हता.

पालकांची बैठक शनिवारी सकाळी दहाला आहे, तेव्हा तुझ्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतील. त्याआधी फोन कर. दुकान बंद करून, जेवून, निवांत कर. घाईत हो किंवा नाही म्हणू नकोस, फळ्यापासून सुरुवात करून सगळे सांग. तुझे ऐकून झाले की मी त्या कोऱ्या ओळीत लिहीन आणि वही घेऊन निघेन.

तुझी,
उजवा कोपरा