पिवळ्या पत्रकवाल्या काकांचे आभार

आदरणीय काका,

महापालिकेचं १५ जानेवारी २०२६ चं मतदान झालं, निकालही लागला. तुम्ही ज्या अपक्ष ताईंसाठी फिरलात त्या निवडून आल्या नाहीत. पण तुमच्या कामाचा उपयोग त्यांना मत न देणाऱ्यांनाही झाला, म्हणून हे पत्र.

नवी मुंबई महापालिकेचं याआधीचं मतदान २०१५ चं. तेव्हा १११ प्रभाग आणि प्रभागाला एक नगरसेवक, म्हणजे बटण एकदाच दाबायचं. यंदा नगरसेवक तेवढेच, प्रभाग मात्र २८. त्यातल्या २७ प्रभागांत चार-चार जागा, एकात तीन. आपल्याकडे एकेकाने चार मतं द्यायची होती. रिक्षांवरच्या भोंग्यांनी नावं आणि निशाण्या ऐकवल्या. मत द्यायचं कसं, हे मात्र आम्हाला तुमच्या पुठ्ठ्यावरून कळलं.

त्या पुठ्ठ्यावर चार कागद होते: अ जागेचा पांढरा, बचा फिका गुलाबी, कचा फिका पिवळा, डचा फिका निळा. नावांपुढे शर्टाची जुनी बटणं चिकटवलेली आणि प्रत्येक रंगात शेवटची ओळ 'वरीलपैकी कोणीही नाही'. आजी-आजोबांकडून तुम्ही चारही रंगांत एकेक बटण दाबून घ्यायचात आणि चौथ्यानंतरच सायकलची घंटी वाजवायचात. ओळखीच्या एकाच माणसाचं बटण दाबून मतदार निघाला की यंत्राचा बझर वाजत नाही, मतदान अर्धवट राहतं आणि मागची रांग खोळंबते. ती घंटी अनेकांच्या बरोबर लक्षात राहिली. ताई फक्त क जागेवर उभ्या होत्या. बाकीच्या तीन जागांवर कुणाला मत द्या, हे तुम्ही एकदाही सुचवलं नाहीत. ते आम्हाला फार भावलं.

पत्रकाचा हिशेबही पाहण्यासारखा होता. ए-फोर कागदाचे चार तुकडे, म्हणजे ५०० कागदांच्या एका रिममध्ये २००० पत्रकं. कागद फिका पिवळा, कारण क जागेचा रंग तोच. शाई एकच, काळी. खाली मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या. अपक्षाला चिन्ह ३ जानेवारीला मिळणार होतं आणि प्रचार १३ तारखेला संध्याकाळी संपणार होता. मनातलं चिन्ह मिळेलच असं धरून आधी छापलं आणि ते दुसऱ्याला गेलं, की सगळी छपाई रद्दीत. तुम्ही आधी फक्त नावाची थोडी पत्रकं काढलीत, चिन्हाची छपाई ३ तारखेनंतर. वाटायला आधी सेक्रेटरींची परवानगी, मग वॉचमनच्या वहीत नोंद. एकदा वरच्या मजल्यावर जायचं आणि दारं करत खाली यायचं. रात्री साडेआठनंतर कुणाची बेल वाजवायची नाही.

सगळ्यात मोठं काम मतदार यादीचं. महापालिकेची यादी म्हणजे विधानसभेचीच यादी, १ जुलै २०२५ ची, प्रभागाप्रमाणे तोडलेली. तिच्यात नवीन नाव घालता येत नाही, हे तुम्ही प्रत्येकाला न कंटाळता सांगितलंत. मग नाव सापडत का नाही, त्याची कारणंही दाखवलीत. सिडकोने बांधलेल्या जेएन टाइपच्या ज्या इमारती पुनर्विकासाला गेल्या, तिथली माणसं भाड्याने दुसऱ्या सेक्टरमध्ये राहतात, पण नाव जुन्याच पत्त्यावर. लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या आडनावाने. कुठे इंग्रजीतून मराठीत येताना 'साठे'चं 'साथे' झालेलं. म्हणून तुम्ही आधी नाव विचारायचाच नाहीत, ओळखपत्रावरची तीन अक्षरं आणि सात आकडे विचारायचात. तो क्रमांक यादीत मिळाला की स्पेलिंगची कटकट उरत नाही. ज्यांच्या नावापुढे दोन फुल्या होत्या त्यांना थांबवून सांगितलंत, की तुमचं नाव दुबार दिसतंय, केंद्रावर हमीपत्र मागतील, घाबरू नका, ओळखपत्र जवळ ठेवा. हे आधी कळलं नसतं तर कितीतरी जण दारातूनच परतले असते.

भाग क्रमांक आणि अनुक्रमांकाच्या चिठ्ठ्या तुम्ही कोऱ्या पांढऱ्या कागदावर लिहिल्यात, ताईंचं नाव किंवा चिन्ह न घालता. मतदानाच्या दिवशी ती चिठ्ठी घेऊन केंद्रावर जाणाऱ्याला कुणी हटकू नये, एवढी काळजी घेतलीत.

खर्चाची वही तर उघडीच असायची. चहा, वडापाव, झेरॉक्स, शेजारून मागून आणलेल्या खुर्च्यासुद्धा. फुकट आणलेल्या वस्तूचंही बाजारभावाने मोल लिहायचं असतं, हे आम्हाला त्या वहीतून समजलं. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. तुमची बेरीज रोज रात्री होत होती.

पुठ्ठा आम्ही सोसायटीच्या ऑफिसात ठेवला आहे, निळ्या कागदावरचं एक बटण निघालंय तेवढं चिकटवू. यादीत न सापडलेल्या घरांची तुम्ही पेन्सिलने लिहिलेली पानंही तिथेच आहेत. त्या घरांचे विधानसभेच्या यादीसाठीचे अर्ज भरायला येत्या रविवारी सकाळी ११ वाजता बसतोय: नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता किंवा नावाच्या दुरुस्तीसाठी नमुना ८. फोटो आणि राहत्या पत्त्याचा पुरावा सगळ्यांना आणायला सांगितलाय. तुम्ही अर्धा तास आलात तरी पुरे, अक्षर तुमचं आहे, काही पत्ते आम्हाला लागत नाहीयेत.

तुमचे ऋणी,
वाशीतले तुमचे शेजारी